बुडालेल्या झाडांमधला क्रॅपी कसा पकडावा

क्रॅपी या अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मागे लागलेल्या नव्या माणसाला पहिला सल्ला हमखास हाच मिळतो: गळ तळाला टेकू दे आणि मग दोन फूट वर उचल. मोकळ्या तळावर हे चालेलही. पाण्याखाली उभ्या असलेल्या झाडांत किंवा बुडवलेल्या फांद्यांच्या ढिगात मात्र गळ अडकतो, तो सोडवताना सगळा ढीग हलतो आणि मासे खायचे बंद होतात. मी टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहतो. लेक रे रॉबर्ट्स आणि लेक फोर्क या जलाशयांवर गेली बारा वर्षं जातोय. त्यातली पहिली दोन या एका सल्ल्यापायी वाया गेली.

इथली मंडळी या माशाला ‘क्रॉपी’ म्हणतात, दुकानात तसंच विचारा. जाती दोन. पांढऱ्याच्या अंगावर उभे पट्टे असतात आणि पाठीवरच्या पराला (पंखाला) सहा काटे. काळ्याच्या अंगावर विखुरलेले ठिपके आणि काटे सात किंवा आठ. पकडायची रीत दोघांची एकच.

परवाना, जॅकेट, बर्फाची पेटी हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरतो.

जागा

लेक फोर्क १९८० मध्ये अडवला गेला, रे रॉबर्ट्स १९८७ मध्ये. दोन्हीकडे पाण्याखाली गेलेली झाडं अजून उभी आहेत. शिवाय टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं अनेक जलाशयांत मुद्दाम फांद्या, बांबू किंवा प्लॅस्टिकच्या नळ्यांचे ढीग बुडवतं आणि त्यांचे अक्षांश-रेखांश आपल्या संकेतस्थळावर फुकट देतं. ते फोनमध्ये भरा. परवानगीशिवाय स्वतः झाडं नेऊन बुडवू नका.

वसंतात पाणी साधारण १६ ते २० अंश सेल्सियसला आलं की क्रॅपी अंडी घालायला उथळात येतो, तेव्हा काठावरूनही मिळतो. उन्हाळ्यात १२ ते २० फुटांवरचे सावलीचे ढीग बघा. त्याहून फार खाली जाऊ नका, कारण उन्हाळ्यात तळाच्या थंड थरात प्राणवायू उरत नाही. हिवाळ्यात खोल झाडी आणि पुलांचे खांब.

सामान

१० फुटी हलका रॉड, छोटं रीळ, ६ पौंडी तंगूस (सहा पौंड ताण सोसणारी नायलॉनची दोर), १/१६ औंसाची जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेला नकली आमिषाचा छोटा गळ. तिचा हूक बारीक तारेचाच हवा. जाड हूक फांदीत रुतला की दोर तुटते. बारीक हूक सावकाश ओढल्यावर सरळ होऊन सुटतो, पकडीने वाकवून परत वापरता येतो. जिवंत आमिष हवं तर छोटी मिनो (आमिषाची बारीक मासळी) दोन्ही ओठांतून टोचा. जिगच्या रंगावर लोक तासन् तास वाद घालतात, त्यात पडू नका. गढूळ पाण्यात उठून दिसणारा, नितळ पाण्यात फिका, एवढं पुरे.

खोली: सगळं इथे ठरतं

क्रॅपीचे डोळे डोक्यात वरच्या अंगाला असतात आणि तोंडही वर उघडतं. तो वर बघतो आणि वर उठून खातो. तुमची जिग त्याच्या डोक्याच्या वर असेल तर तो तीन-चार फूटसुद्धा उठून येईल. त्याच्या पोटाखाली असेल तर तो तिकडे वळणारही नाही. दोन वर्षं मी माशांच्या खाली गळ टाकत होतो आणि जलाशयात मासाच नाही असं घरी येऊन सांगत होतो.

म्हणून आधी ढिगाचा माथा किती खोल आहे ते सोनारवर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर) बघा. समजा तो १२ फुटांवर आहे. जिग १० फुटांवर थांबवायची. ‘अंदाजे दहा’ चालत नाही, दोर मोजायची. माझी पद्धत कोकणातल्या होडीवरची आहे. दोन्ही हात पसरून एक वाव दोर भरायची. घरी एकदा टेप लावून स्वतःची वाव मोजून ठेवा, माझी साडेपाच फूट भरते. हव्या त्या मापावर सुती दोऱ्याची गाठ बांधायची. ती गाठ रॉडच्या टोकाला आली आणि टोक पाण्याला टेकवलं, की जिग नेमकी तिथे असते. अर्ध्या तासात चावा नाही आला तर फूटभर वर घ्या. खाली जायचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही होतो. आधी वर.

आता वारा. होडी सरकली की दोर तिरकी होते. १२ फूट दोर ४५ अंशांत गेली तर जिग साडेआठ फुटांवरच असते, आणि तुम्ही समजता बारावर आहे. दोर तिरकी दिसली की जिग १/८ औंसाची लावा, नाक वाऱ्याकडे करून होडी स्थिर करा, तरीही तिरकी राहिली तर जागा बदला. दुसरी गोष्ट जिगच्या कडीला दोर बांधतो त्या गाठीची. पाण्यात जिग आडवी लोंबायला हवी, खऱ्या छोट्या माशासारखी. गाठ कडीच्या पुढच्या टोकाला सरकली की जिगचं तोंड वर होतं. प्रत्येक माशानंतर गाठ नखाने कडीच्या माथ्यावर आणा.

मग जिग हलवू नका. नवा माणूस सारखा रॉड नाचवत राहतो. तुमच्या हाताचा नैसर्गिक कंप आणि लाटेचं हेलकावणं त्या दोन ग्रॅमच्या जिगला पुरेसं असतं.

चावा आणि हिसका

मासा खालून वर येऊन आमिष उचलतो, त्यामुळे चाव्याला बहुतेक वेळा ओढ लागत नाही, उलट दोर सैल पडते. ताठ दोरीला एकदम पोक आला, की मासा तोंडात धरून वर आलाय. फ्लोट (दोरीवरचं तरंगतं बूच) लावला असेल तर तो बुडण्याऐवजी आडवा पडतो. फ्लोट बुडायची वाट बघणाऱ्याचे निम्मे मासे आमिष थुंकून गेलेले असतात.

आणि आता हिसका देऊ नका. हे मी कळवळून सांगतोय. लहानपणी खाडीवर काका तांबोशी गरवायला न्यायचे, तेव्हा ‘लागली की जोरात मार’ हे माझ्या हाडात गेलं. तांबोशीचं तोंड टणक, तिला ते लागतं. क्रॅपीच्या ओठांमागचा पडदा कागदाइतका पातळ आहे. पहिल्या वर्षी माझ्या हिसक्याने एकामागून एक मासे तोंड फाटून सुटले, आणि फाटक्या तोंडाने गेलेला मासा जगेलच याची खात्री नसते. आता मी फक्त मनगट वर उचलतो, दूध उतू जाताना पातेलं उचलावं इतक्याच घाईने. दोर ताठ झाली की हूक आपोआप बसतो. रीळ फिरवण्याआधी लांब रॉडने मासा तीन-चार फूट सरळ वर घ्या, म्हणजे तो फांद्यांतून मोकळा होतो. पुढे एकाच गतीने गुंडाळा, मध्ये सैल सोडू नका. पाण्याबाहेर हवेत झुलवून आणू नका, खालून जाळी घाला.

हूक फांदीत अडकलाच तर ओढाताण नको. दोर सैल सोडून टोक दोनदा हलकेच उडवा, बहुधा सुटतो. नाही सुटला तर दोर बोटाला गुंडाळून सावकाश ताण द्या. खूप हललेल्या ढिगाला मी अर्धा तास विश्रांती देतो.

किती घ्यायचे

टेक्सासचा सर्वसाधारण नियम दिवसाला २५ आणि किमान १० इंच असा आहे. पण जलाशयागणिक फरक असतो, जाण्यापूर्वी बघा. लेक फोर्कवर १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर लांबीची अट नसते, पण पकडलेला प्रत्येक क्रॅपी ठेवावाच लागतो. कारण खोल पाण्यातून भरकन वर आलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि सोडला तरी तो बहुधा मरतो. त्यामुळे खोलात गळ टाकताना पुरेसे झाले की थांबायचं, लहान सोडून मोठे निवडायचा खेळ तिथे करायचा नाही.

निघताना होडीतलं आणि मिनोच्या बादलीतलं सगळं पाणी तिथेच काढून टाका. कायदाही तेच सांगतो. रे रॉबर्ट्समध्ये २०१२ मध्ये झेब्रा शिंपले सापडले, आणि त्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं अशाच पाण्यातून पुढच्या जलाशयात जातात.

मासे थेट बर्फात. घरी दोन्ही बाजूंचे तुकडे काट्यावरून सोडवा, हळद-मीठ-तिखट आणि कोकमाचं आगळ लावून दहा मिनिटं ठेवा, बारीक रव्यात घोळवून तव्यावर टाका. मांस पातळ असतं, एका बाजूला दोन-तीन मिनिटं पुरतात.