हाताने चालते, क्रॉनवर का नाही? या चुका टाळा

टर्मिनलवर स्क्रिप्ट (कमांडची फाइल) व्यवस्थित चालते आणि क्रॉनला, म्हणजे लिनक्सवर ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामला दिली की काहीच घडत नाही, तेव्हा बरेच जण स्क्रिप्टच पुन्हा पुन्हा तपासत बसतात. दोष सहसा तिच्यात नसतो. टर्मिनल उघडताना बॅशआरसी ही सेटिंगची फाइल वाचली जाते. क्रॉन ती वाचत नाही. त्याच्या पाथमध्ये (कमांड जिथे शोधायच्या त्या फोल्डरांच्या यादीत) बहुधा ‘यूएसआर’खालचं बिन आणि मुळातलं बिन एवढीच फोल्डरं असतात. काम सुरू होतं होम फोल्डरमधून, आणि शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) असतो बॅश नव्हे, साधा एसएच. उबंटू-डेबियनवर हा एसएच म्हणजे डॅश. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचा शिबँग (#! ने सुरू होणारी, कोणता शेल वापरायचा ते सांगणारी खूण) नसेल तर दुहेरी चौकोनी कंस आणि अ‍ॅरे अशा बॅशच्या खास गोष्टी तिथे अडतात.

म्हणून प्रत्येक कमांडचा आणि फाइलचा मार्ग मुळापासून पूर्ण लिहा. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांची यादी असलेल्या फाइलच्या) वर पाथची ओळ देता येते, पण तिथे जुन्या पाथला डॉलर लावून नवा तुकडा जोडू नका. क्रॉन व्हेरिएबल उलगडत नाही, अख्खी यादीच लिहावी लागते. शंका असेल तर दर मिनिटाला ‘एन्व्ह’ (सगळे व्हेरिएबल दाखवणारी कमांड) चालवून आउटपुट फाइलमध्ये टाकणारी ओळ तात्पुरती लावा. क्रॉनला नेमकं काय दिसतं ते लगेच कळेल.

टक्केचिन्ह हा आणखी एक छुपा सापळा. क्रॉनटॅबमध्ये % म्हणजे नवी ओळ. फाइलच्या नावात तारीख घालणारी कमांड तिथेच तुटते. चिन्हाआधी बॅकस्लॅश द्या, किंवा सरळ तारखेचं काम स्क्रिप्टच्या आत न्या. दुसरा मार्ग बरा.

वेळेचे घोळ दोन. मिनिटाच्या रकान्यात * (म्हणजे ‘प्रत्येक’) ठेवून तासाच्या रकान्यात २ लिहिलं, तर काम रात्री दोनला एकदा होत नाही, दोन ते तीनमध्ये ६० वेळा होतं. मिनिटाला ० हवं. आणि महिन्याची तारीख व वार दोन्ही दिले तर क्रॉन ‘आणि’ नव्हे, ‘किंवा’ धरतो: १३ तारीख व शुक्रवार दिलात की दर १३ला आणि दर शुक्रवारीही काम चालणार.

काम लांबून पुढची फेरी सुरू झाली तर दोन प्रती एकाच फाइलवर लिहू लागतात. काम ‘फ्लॉक’ या कुलूप लावणाऱ्या कमांडमधून, तिला ‘एन’ पर्याय देऊन चालवा. आधीची प्रत चालू असेल तर नवी मुकाट बाहेर पडते. आउटपुट लॉगमध्ये वळवताना आधी फाइल लिहा, मग एररही तिथेच पाठवणारं २>&१. क्रम उलटला तर एररचे संदेश लॉगमध्ये येतच नाहीत.

आता खरं नुकसान करणाऱ्या चुका. फोल्डर बदलणारी ‘सीडी’ फसली तरी स्क्रिप्ट पुढे जाते आणि फाइली पुसणारी ‘आरएम’ भलत्याच फोल्डरात चालते. दोन्ही && ने जोडा. फोल्डरचं नाव व्हेरिएबलमध्ये असेल आणि ते रिकामं निघालं, तर मागे फक्त / म्हणजे सगळ्या फोल्डरांचं मूळ उरतं. महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावापुढे :? लिहिलं की शेल तिथेच थांबतो. व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरण हवंच, नाहीतर नावात जागा असलेली फाइल दोन फाइली समजली जाते. फाइली शोधणारा ‘फाइंड’ अटी डावीकडून तपासतो, म्हणून फाइलच्या नावाची अट देण्याआधीच ‘डिलीट’ लिहिलं तर सगळंच जातं. आधी ‘प्रिंट’ लावून यादी बघा. फाइल शेवटची कधी बदलली यावरची ‘एमटाइम +७’ ही अट म्हणजे सात नव्हे, किमान आठ पूर्ण दिवस जुन्या फाइली, हेही तेव्हाच लक्षात येईल.

तयार होत असलेली फाइल दुसऱ्या कामाने अर्धवट उचलू नये म्हणून ती डिस्कच्या त्याच विभागात (फाइलसिस्टमवर) तात्पुरत्या नावाने लिहा आणि शेवटी ‘एमव्ही’ने खरं नाव द्या. विभाग वेगळा असेल तर ‘एमव्ही’ आतून कॉपी करतो, आणि धोका तसाच राहतो.

विंडोजवर क्रॉनचं काम करणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये ‘स्टार्ट इन’ (काम कोणत्या फोल्डरमधून सुरू करायचं तो रकाना) रिकामं सोडलं की काम बहुधा सिस्टम३२ मधून सुरू होतं. लॅपटॉप असेल तर ‘कंडिशन्स’ टॅबही पाहा: फक्त चार्जर जोडलेला असतानाच काम सुरू करायची खूण तिथे आधीपासून केलेली असते.