स्टर्लिंग चांदी मोडीत देण्याआधी

वस्तूवर 925 किंवा इंग्लंडच्या जुन्या भांड्यांवर चालत्या सिंहाचा ठसा असेल, तर ती स्टर्लिंग. म्हणजे हजारात 925 भाग चांदी, बाकी बहुधा तांबं. ‘ईपीएनएस’ लिहिलेलं असेल तर वरचा फक्त मुलामा चांदीचा. आजोबांचा चहाचा सेट कितीही चकाकत असला तरी मोडीत त्याला चांदीचा भाव मिळणार नाही.

हिशेब घरीच करता येतो. वजन 240 ग्रॅम असेल तर 240 गुणिले 0.925, म्हणजे 222 ग्रॅम शुद्ध चांदी. भाव किलोचा सांगतात, त्याला हजाराने भागा. समजा किलोला एक लाख, तर ग्रॅमला शंभर. एकूण 22,200 रुपये. हातात थोडे कमीच येतील, कारण गाळणावळ आणि दुकानदाराचा नफा त्यातूनच जातो. घडणावळ मात्र विसराच.

खरा घोळ वजनात होतो. मेणबत्तीच्या स्टँडच्या बुडात प्लास्टर किंवा राळ भरलेली असते, चांदी केवळ पातळ पत्र्याइतकी. सुरीची मूठही तशीच भरीव केलेली आणि पातं स्टीलचं. खडे, मीनाकारीही वजनातून वगळा. लोहचुंबकावर फार विसंबू नका: लोखंड पकडलं जाईल, पितळ सुटेल.

इंदूरच्या सराफ्यात दोन-तीन दुकानांत विचारा, वजन समोर करायला सांगा आणि दिवसाच जा. रात्री तिथे खाऊगल्ली भरते; भुट्ट्याचा कीस मिळतो, चांदीचा भाव नाही. नक्षी चांगली असेल तर मोडण्याआधी जुन्या वस्तूंच्या जाणकाराला जरूर दाखवा, कधी कधी तो मोडीपेक्षा जास्त देतो.