परदेशात इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाची सुरुवात कशी करावी

परदेशात इंग्रजी शिकवण्याची नोकरी करावी असे मनात आले की बहुतेक जण लगेच अभ्यासक्रम शोधू लागतात. माझ्या मते आधी देश ठरवावा, त्या देशाचा कामाचा व्हिसा कोणाला मिळतो हे तेथील वकिलातीच्या सूचनांमध्ये वाचावे आणि मगच प्रशिक्षणाचे शुल्क भरावे. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा इंग्रजीच्या शिक्षकांपैकी मुख्यत्वे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांना दिला जातो, त्यामुळे इतरांना केवळ उत्तम प्रमाणपत्राच्या बळावर तेथे फारसे काही साधता येत नाही. याउलट १९८७ पासून चालू असलेल्या जपानच्या जेट या सरकारी योजनेत, जिच्यातून परदेशी तरुणांना तेथील शाळांत नेमले जाते, साहाय्यक शिक्षकाच्या पदासाठी पदवी अनिवार्य आहे, पण अध्यापनाचे प्रमाणपत्र सक्तीचे नाही. खासगी भाषाशाळा मात्र पुष्कळ ठिकाणी पदवीच्या जोडीला किमान १२० तासांचे प्रशिक्षण मागतात.

हा १२० तासांचा आकडा फसवा ठरू शकतो. टेफल (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणे) या नावाने विकल्या जाणाऱ्या सर्व अभ्यासक्रमांवर देखरेख ठेवणारी एकच जागतिक संस्था अस्तित्वात नाही, म्हणून ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ ही शब्दरचना वाचून निश्चिंत होऊ नये. संस्थेला एकच प्रश्न विचारावा: खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, अनुभवी मार्गदर्शकाच्या देखत, मी किती तास शिकवणार आहे? केंब्रिजच्या सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या सर्टटीसॉल या इंग्रजी अध्यापनाच्या दोन्ही प्रमाणपत्र अभ्यासक्रमांत याचे उत्तर ६ तास असे आहे. हे ६ तास थोडे वाटतील, परंतु ते पाऊण-पाऊण तासाच्या आठेक सराव पाठांत विभागलेले असतात आणि प्रत्येक पाठाआधी टाचण (पाठाची लेखी आखणी) व नंतर अभिप्राय असतो, त्यामुळे एका पाठामागे अर्ध्या दिवसाहून अधिक श्रम सहज लागतात. सेल्टाचे प्रशिक्षण १९६२ साली लंडनच्या इंटरनॅशनल हाऊस या भाषाशाळेत जॉन हेक्राफ्ट यांनी सुरू केलेल्या अल्पमुदतीच्या वर्गातून विकसित झाले, आणि शिकवूनच शिकवायला शिकावे हा त्याचा गाभा अजून बदललेला नाही. केवळ ध्वनिचित्रफिती पाहून आणि पर्याय निवडून मिळणारे प्रमाणपत्र अर्जातील रकाना भरते, पण पहिल्या दिवशी वर्गात उभे राहताना त्याचा आधार वाटत नाही.

अशा अभ्यासक्रमाच्या प्रवेशापूर्वी लेखी प्रश्नपत्रिका सोडवावी लागते आणि मुलाखत द्यावी लागते. येथे इंग्रजी किती सफाईने बोलता येते याबरोबरच, ती कशी चालते हे सांगता येते का, तेही पाहिले जाते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांचीही या ठिकाणी अडचण होते, तर ज्यांनी ती व्याकरणातून, कष्टाने आत्मसात केली आहे त्यांची येथे सरशी होऊ शकते. उदाहरणार्थ, ‘आय लॉस्ट माय की’ आणि ‘आय हॅव लॉस्ट माय की’ ही दोन वाक्ये घ्यावीत. पहिल्यात साधा भूतकाळ व दुसऱ्यात पूर्ण वर्तमानकाळ आहे, एवढे सांगून विद्यार्थ्याच्या पदरात काहीच पडत नाही. दुसऱ्या वाक्याचा रोख आताच्या स्थितीकडे आहे, हे त्याला छोट्या प्रश्नांतून उमगू द्यावे लागते: किल्ली हरवली का? हो. ती आत्ता माझ्याकडे आहे का? नाही. ती कधी हरवली हे या वाक्यातून कळते का? नाही. आणि ‘काल’ हा शब्द जोडायचा असेल तर कोणते वाक्य चालेल? असे प्रश्न सोप्या शब्दांत, नियमाचे नाव न घेता रचणे हे या व्यवसायातील एक मोठे कौशल्य आहे, आणि त्याचा सराव अभ्यासक्रम सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधीपासून घरी करता येतो. रोज एक व्याकरणरूप निवडून त्याचा अर्थ, त्याची रचना आणि त्याचा उच्चार वहीत लिहावा, आणि विद्यार्थी कुठे अडखळेल याचा अंदाज त्याखाली नोंदवावा. ब्रिटिश इंग्रजीचे ४४ ध्वनी दाखवणारा तक्ताही याच काळात पाठ करावा, कारण लिपी आणि उच्चार यांचा मेळ नसलेल्या या भाषेत तो सतत हाताशी लागतो.

पूर्णवेळ अभ्यासक्रम ४ ते ५ आठवड्यांचा असतो आणि त्या काळात दुसरे कोणतेही काम अंगावर घेऊ नये. ज्यांना नोकरी सोडणे शक्य नाही त्यांनी काही महिन्यांत विभागलेला अर्धवेळ पर्याय घ्यावा. सेल्टामध्ये दोन निरनिराळ्या पातळ्यांच्या प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवावे लागते, चार लेखी कामे स्वतः लिहून सादर करावी लागतात आणि अनुभवी शिक्षकांच्या वर्गांचे निरीक्षण करावे लागते. सर्टटीसॉलमधील एक भाग मला विशेष मोलाचा वाटतो: त्यात प्रशिक्षणार्थींना पूर्णपणे अपरिचित भाषेचे धडे त्याच भाषेतून दिले जातात आणि त्या अनुभवाची नोंद त्यांनी ठेवायची असते. काहीही न कळणाऱ्या विद्यार्थ्याची घालमेल एकदा स्वतः सोसली की आपले बोलणे आपोआप आटोपशीर होते.

नव्या शिक्षकाचा सर्वांत सार्वत्रिक दोष अतिबोलणे हाच आहे. भीतीपोटी तो शांतता भरून काढतो, सूचना तीनदा वेगवेगळ्या शब्दांत देतो आणि शिकणाऱ्याला बोलायला अवकाशच उरत नाही. यासाठी टाचणात सूचना शब्दशः लिहून ठेवाव्यात, त्या देऊन झाल्यावरच कागद वाटावेत आणि एका विद्यार्थ्याकडून पहिले उदाहरण सोडवून घ्यावे. पाठानंतरचा अभिप्राय बहुधा सहकाऱ्यांच्या समोरच मिळतो. त्या वेळी समर्थन करत बसण्यापेक्षा तो लिहून घ्यावा आणि पुढच्या टाचणाच्या वरच त्यातील एक मुद्दा उतरवावा.

प्रशिक्षण चालू असतानाच पदवीच्या मूळ प्रमाणपत्राचे साक्षांकन करून घ्यावे, कारण १९६१ च्या हेग कराराखालील अपोस्टिल, म्हणजे कागदपत्र खरे असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, पुष्कळ देश मागतात आणि त्यात आठवडे जाऊ शकतात. पोलिसांचा चारित्र्य दाखला मात्र नोकरी पक्की होत आल्यावर काढावा, कारण ठरावीक महिन्यांहून जुना दाखला अनेक ठिकाणी स्वीकारला जात नाही.