युद्धनिधीचे जुने बिल्ले जमवताय? आधी टाचणीवरचा हात काढा

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ‘फ्लॅग डे’चं पेवच फुटलं होतं. सप्टेंबर १९१४ मध्ये ग्लासगोच्या ॲग्नेस मॉरिसन यांनी सैनिकांच्या कुटुंबांसाठी रस्त्यावर कागदी झेंडे विकवले. पाठोपाठ बेल्जियम, रशिया, सर्बिया, रेडक्रॉस अशी रीघ लागली. डब्यात पेनी टाका, कोटाला झेंडा टाचा. हे झेंडे आणि बिल्ले जमवणारे आता आपल्याकडेही आहेत, आणि चुका त्याच त्या.

टाचणी उपटणे. ओळखीच्या एका गृहस्थांनी मुलाकरवी लंडनहून अख्खा अल्बम मागवला. टाचण्या गंजलेल्या, त्यात मुंबईचा पावसाळा. त्यांनी बसल्या बैठकीला सगळ्या उपटल्या आणि झेंडे डिंकाने कार्डावर चिकटवले. पान अगदी शाळेच्या प्रोजेक्टसारखं नीटनेटकं! मी एकावर बोट ठेवलं: पांढरा, निळा, लाल, आडवे पट्टे. “हा कोणाचा?” “रशियाचा. लिहिलंय की खाली.” लिहिलं होतं त्यांनीच. तोच झेंडा उलटा धरला की लाल, निळा, पांढरा, म्हणजे सर्बिया. त्यावर ना अक्षर, ना राजचिन्ह. टाचणी हीच झेंड्याची काठी, टोक खाली. वरची बाजू कोणती हे सांगायला ते टोक तेवढं होतं, ते कचऱ्यात गेलं. मागच्या बाजूला काही छापलं असेल तर ते डिंकाखाली.

पाठपोट फोटो काढल्याशिवाय मी टाचणीला हात लावत नाही. काढल्यावरही लावत नाही.

धुणे. युद्धनिधीचे बिल्ले ऑस्ट्रेलियातही विकले जात. तिथले त्या काळचे बटण-बिल्ले म्हणजे पत्र्यावर छापील कागद आणि वर सेल्युलॉइडचा, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकचा, पातळ पापुद्रा. साबणाचं पाणी कडेने आत शिरतं, कागदावर तपकिरी डाग चढतात, पत्रा आतून गंजतो. नेलपॉलिश रिमूव्हर लावाल तर पापुद्राच विरघळेल. यूट्यूबवर ‘दोन मिनिटांत चकाचक’ बघून आलेल्यांना मी माझा डबा उघडूनच दाखवत नाही. कोरडा मऊ ब्रश, बस्स.

हवाबंद डबी. सेल्युलॉइड जुनं झालं की आम्लाची वाफ सोडतं, ती डबीत कोंडते आणि शेजारच्या बिल्ल्यांनाही नासवते. चिकट किंवा वास मारणारा नग लगेच वेगळा काढा. दिव्या-उदबत्तीजवळ तर नकोच, भसकन पेटतो.

मागची बाजू न बघता पैसे देणे. मेलबर्नच्या ए. डब्ल्यू. पॅट्रिकसारख्या कारखानदाराचं नाव पाठीमागच्या कागदावर सापडतं. विकणारा पाठीचा फोटो पाठवायला टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या.

‘वॉर चॅरिटीज ॲक्ट १९४०’ असं छापलेला बिल्ला पहिल्या महायुद्धाचा म्हणून घेणारेही भेटतात. काय बोलणार!

लाल, गडद निळा, फिकट निळा अशा पट्ट्यांचा कागदी झेंडा जुन्या बाजारात ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून गळ्यात मारतात. तो आपल्या सशस्त्र सेना ध्वज दिनाचा, ७ डिसेंबरचा. हा दिवस सुरू झाला १९४९ मध्ये. घ्या खुशाल, पण ध्वज दिनाच्या झेंड्याच्या भावात.