काठी, वॉकर नाहीतर व्हीलचेअर घेऊन कोल्हापुरात कसं फिरायचं

कोल्हापुरात सगळं जवळजवळ आहे असं सांगणाऱ्याचे गुडघे धड असतात बघा. ज्याचे नाहीत त्याला किलोमीटरचं काही वाटत नाही, रिक्षा आहे की, अडतंय ते रिक्षातून उतरल्यापासून आत टेकेपर्यंत. म्हणून निघायच्या आधी तिथं फोन लावायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या: गाडी दारापर्यंत येते का, पायऱ्या किती आणि कठडा आहे का, आत गेल्यावर बसायला काय आहे. 'लिफ्ट आहे' एवढ्यावर खूश होऊ नका, लिफ्टपर्यंत जायलाच चार पायऱ्या असतात.

रिक्षात चढताना आधी पाठ करून सीटवर बसायचं आणि मग पाय आत घ्यायचे. एक पाय आत टाकून वाकून घुसायला गेलं की तोल जातोच. रिक्षावाल्या मामांना आधीच सांगा, गटारीच्या कडेला नको, सपाट जागेला लावा, कुणी नाही म्हणत नाही.

पायरीचा नियम पाठच करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, बरेच जण उलटी धरतात. काठीच्या टोकाचं रबर गुळगुळीत झालं असेल तर पावसाळ्याआधी बदला, किरकोळ पैशात मिळतंय.

व्हीलचेअर ढकलणाऱ्यानं उतारावर चेअर उलटी फिरवून स्वतः मागं मागं चालत उतरायचं, नाहीतर बसलेला माणूस पुढं घसरतो. रॅम्प बघितला की लगेच चढवू नका, 1:12 चा उतार (म्हणजे 1 फूट उंचीला 12 फूट लांबी) धरला तर 6 इंचाच्या पायरीला 6 फूट रॅम्प लागतो, आणि दुकानांपुढं असतो तो दोन फुटांचा, गाड्या चढवायला केलेला.

अंबाबाईला जायचं तर मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्र सोडून सकाळी लवकर जा, घाटी दरवाज्याच्या बाजूनं नको, तिथं पायऱ्या आहेत. चपला बाहेर निघतात हे डायबेटिसवाल्यांनी लक्षात ठेवावं, दुपारी फरशी तापते. ज्योतिबाला गाडी डोंगरावर जाते खरी पण तिथनं देवळापर्यंत पायऱ्या उतरायच्या, म्हणजे परत येताना दमल्या पायांनी चढ, ते आधी घरात बोलून घ्या. रंकाळा सकाळी उत्तम, संध्याकाळी गाड्यांच्या आणि भेळेच्या गर्दीत वॉकर घालायचा कुठं?

मदतीला माणसं कमी पडत नाहीत, उलट चौघं धावत येतात आणि एकजण वॉकरच उचलून धरतो, मग त्या बिचाऱ्यानं धरायचं कशाला? दंडाला धरून ओढू नका, आपला हात पुढं करा आणि त्यांना धरू द्या, त्यांच्या चालीनं चाला.

आणि कागदाचं काम राहिलं असेल तर करून टाका. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन करता येतो, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. 75 वर्षांवरच्यांना एसटी राज्यात फुकट आहे, त्याला हे कार्ड लागत नाही, वयाचा पुरावा जवळ ठेवा. कार्ड कुठलंही असो, फोटो मोबाईलमध्ये ठेवा पण मूळ कार्डही जवळ असू दे, कंडक्टर मागतोच.