दुसरी फेरीबोट आल्याशिवाय क्लास कळत नाही

प्रोग्रामिंगमधला क्लास (एका प्रकारच्या वस्तूंची माहिती आणि कामं एकत्र बांधणारं वर्णन) म्हणजे काय आणि ऑब्जेक्ट (त्या वर्णनावरून केलेली एकेक वस्तू) म्हणजे काय, याची पाठ केलेली उत्तरं मी भरपूर ऐकली आहेत. गोव्यात पणजी-पर्वरीकडे नव्या मुलांच्या मुलाखती घ्यायला बसलं की ‘क्लास इज अ ब्लूप्रिंट’ हे वाक्य येतंच येतं. वाक्य चुकीचं नाही. पण लगेच पुढे विचारलं, की बाबा रे, या क्लासचे दोन ऑब्जेक्ट केलेस तर मेथडच्या, म्हणजे क्लासमध्ये लिहिलेल्या फंक्शनच्या, प्रती किती झाल्या, की समोरचा टेबलाकडे बघायला लागतो.

वर्गात गणपतीच्या साच्याची उपमा हमखास दिली जाते, तिचाही यात हात आहे. साच्यातून मूर्ती निघाली की दोघांचा संबंध संपला. ऑब्जेक्टचं तसं नसतं. प्रोग्राम चालू असेपर्यंत आपला क्लास कोणता हे प्रत्येक ऑब्जेक्टला ठाऊक असतं, आणि मेथड बोलावली की ती क्लासकडेच शोधली जाते. म्हणून मेथडची प्रत एकच असते आणि आतली माहिती मात्र ज्याची त्याची वेगळी.

माझं सांगणं इतकंच, की शिकताना पहिल्या दिवसापासून एका क्लासचे निदान दोन ऑब्जेक्ट करा. नवशिक्याच्या अडखळण्याच्या बहुतेक जागा दुसरा ऑब्जेक्ट आल्यावरच उघड्या पडतात.

उदाहरणाला मी फेरीबोट घेतो. रायबंदर-चोडण घ्या किंवा जुनें गोंय-दिवाडी: धक्क्यावर गाड्यांची रांग, बोटीची ठरावीक जागा, भरली की निघायचं, पलीकडे रिकामी करायची. असले प्रश्न सोडवण्यासाठीच तर क्लास-ऑब्जेक्टची ही पद्धत जन्माला आली. नॉर्वेत ओस्लोच्या संगणक केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांना रांगा, वाहतूक, कारखाने यांचं चलनवलन संगणकावर उभं करायचं होतं. त्यातून आधी सिम्युला आणि मग सिम्युला ६७ ही भाषा आली. क्लास आणि ऑब्जेक्ट आज आपण ज्या अर्थाने वापरतो ते तिच्यातून आले. साल १९६७, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावर आमच्याकडे ओपिनियन पोल झाला तेच वर्ष. पुढे ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी सिम्युलाचे क्लास सी भाषेत आणायचं काम १९७९ साली सुरू केलं, तीच नंतरची सी प्लस प्लस. डाल आणि निगार्ड यांना संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो २००१चा.

आता कामाला लागू. बोट एकच असेल तर क्लास लागत नाही, हे आधी मान्य करा. ‘गाड्या’ नावाची एक लिस्ट, ‘क्षमता’ नावाचा एक आकडा आणि ‘चढव’ नावाचं एक फंक्शन, झालं काम. दुसरी बोट आली की ‘गाड्या१’, ‘गाड्या२’ सुरू होतं, आणि कुठल्या लिस्टची कुठली क्षमता हे तुम्हालाच डोक्यात धरून बसावं लागतं. तिसऱ्या बोटीला माणूस वैतागतो. एका बोटीची माहिती आणि त्या माहितीवर चालणारी कामं एकत्र बांधायची, एवढीच क्लासची मूळ गरज.

पायथन ३ या भाषेत व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. ऑफिसात तसं कुणी लिहीत नाही, पण मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीला इंग्रजीत गेलेल्यांनी सराव करताना जरूर करून बघावं, डोक्यावरचं एक ओझं कमी होतं. समजा ‘पहिली’ आणि ‘दुसरी’ या दोन बोटी केल्या. मग

पहिली.चढव(गाडी)

असं लिहिलं की पायथन प्रत्यक्षात

फेरीबोट.चढव(पहिली, गाडी)

असं चालवतो. पायथनमध्ये मेथड लिहिताना कंसात पहिल्यांदा जो ‘सेल्फ’ लिहावा लागतो, त्याचं गूढ इथे संपतं. मेथड एकच आहे, ती कुठल्या बोटीवर चालवायची हे तिला कळायला हवं, म्हणून टिंबाच्या डावीकडचा ऑब्जेक्ट पहिल्या जागी गुपचूप पाठवला जातो. जावा या भाषेत तोच ‘धिस’ म्हणून मिळतो, फक्त कंसात लिहावा लागत नाही. ही दुसरी ओळ एकदा स्वतः टाइप करून चालवा. सेल्फवर तासभर व्याख्यान ऐकण्यापेक्षा ते बरं.

यानंतर एक खोडी मुद्दाम करायची. ‘गाड्या’ ही रिकामी लिस्ट इनिटमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणाऱ्या मेथडमध्ये) सेल्फला न जोडता थेट क्लासच्या अंगात लिहा आणि पहिलीवर एक गाडी चढवा. मग दुसरीच्या गाड्या छापून बघा. रायबंदरला चढलेली गाडी दिवाडीच्या बोटीवरही उभी! लिस्ट क्लासची झाली, म्हणजे सगळ्या बोटींची सामाईक. आता लिस्टऐवजी ‘फेऱ्या’ नावाचा शून्य तिथेच लिहा आणि मेथडमध्ये सेल्फच्या फेऱ्या एकाने वाढवा. इथे मात्र बोटींचे आकडे वेगळे येतात, आणि पोरं चक्रावतात. कारण साधं आहे. लिस्टमध्ये भर घालताना आहे तीच लिस्ट बदलते. आकडा वाढवताना जुनं मूल्य क्लासकडून वाचलं जातं, पण नवं मूल्य त्या ऑब्जेक्टच्या नावावर चढतं. आकड्यांपुरतं सगळं बरोबर चालल्यासारखं दिसतं, म्हणूनच ही चूक बरेच दिवस दडून राहते. सामाईक माहितीला जागा नाही असं नव्हे. एकूण बोटी किती झाल्या ही मोजणी क्लासकडेच शोभते.

‘दुसरी = पहिली’ लिहिलं की बोटीची प्रत तयार होते, हा आणखी एक पक्का गैरसमज. बोट एकच राहते, नावं दोन होतात. दुसरीवरून गाडी उतरवा, पहिलीवरून गेलेली दिसेल. जावातही असंच. आणि म्हणूनच जावात दोन ऑब्जेक्टमध्ये == लावलं की ‘ही एकच बोट आहे का’ एवढंच विचारलं जातं; ‘दोन्हींतली माहिती सारखी आहे का’ हे विचारायला इक्वल्स ही मेथड असते, आणि तुमच्या क्लाससाठी ती तुम्हीच लिहायची. नाही लिहिलीत तर तीही ==सारखीच वागते. मुलाखतीत स्ट्रिंगवर, म्हणजे मजकुराच्या ऑब्जेक्टवर, हा प्रश्न फार लाडका आहे.

प्रायव्हेटबद्दल, म्हणजे आतल्या माहितीला बाहेरून हात लावू न देण्याबद्दल, थोडक्यात. क्षमतेची तपासणी ‘चढव’ मेथडमध्ये असेल आणि बाहेरून कुणी थेट लिस्टमध्येच गाडी ढकलत असेल, तर तपासणी असून नसल्यासारखी. लिस्ट प्रायव्हेट केली असेल तर जावा असं करणाऱ्याला अडवतं. पायथनमध्ये नावाच्या सुरुवातीला अंडरस्कोर लावून ‘इथे हात लावू नका’ असं सुचवण्याचा फक्त रिवाज आहे. मात्र जावातलं प्रायव्हेट क्लासपुरतं असतं, ऑब्जेक्टपुरतं नव्हे. एका फेरीबोटीची मेथड दुसऱ्या फेरीबोटीचं प्रायव्हेट फील्ड (आतली माहिती) खुशाल वाचू शकते. चांगली दोन-तीन वर्षं काम केलेलेही यावर पैज हरतात.

इनहेरिटन्सची, म्हणजे एका क्लासवरून त्याची पोटजात काढण्याची, घाई करू नका. चोडणच्या मार्गावर रो-रो ही नव्या धर्तीची फेरी आली, तशी लगेच फेरीबोटीची पोटजात काढायचा मोह होतो. फरक फक्त क्षमतेचा आणि वेगाचा असेल तर त्या नुसत्या वेगळ्या किमती आहेत, त्याच क्लासचा आणखी एक ऑब्जेक्ट पुरतो. वागणूकच वेगळी असेल तेव्हा बघू.

त्याआधी सोडवण्यासारखा प्रश्न धक्क्यावरच्या रांगेचा आहे. रांग बोटीच्या क्लासमध्ये ठेवली तर बोट पलीकडे गेल्यावर इथे येणाऱ्या गाडीने कुणामागे उभं राहायचं? आणि दोन बोटी एकाच मार्गावर असतील तर रांगा दोन का? धक्का हा वेगळा क्लास करा, रांग त्याला द्या, बोट लागली की तिने धक्क्याकडे गाड्या मागायच्या. दोन धक्के, दोन बोटी, दहा-बारा गाड्या एवढं लिहून चालवा, आणि प्रत्येक फेरीनंतर कुठे किती गाड्या आहेत ते छापा. एकूण गाड्यांची बेरीज कधीही बदलता कामा नये. बदलली तर वरच्यापैकीच काहीतरी निघेल, बहुधा ती सामाईक लिस्ट.