चवळीच्या बियांना रायझोबियम चोळताना

मुलुंडला आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी दर पावसाळ्यात चवळी लावते. रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र रोपाला देणारे जिवाणू. कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) ते क्वचितच असतात, म्हणून बियांनाच चोळायचे. रायझोबियमच्या पाकिटावर पीक आणि मुदत दोन्ही वाचा. हरभऱ्याचं चवळीला चालत नाही.

प्रमाण किलोला २५ ग्रॅम. गच्चीपुरत्या १०० ग्रॅम बियांना अडीच ग्रॅम, साधारण चहाचा एक चमचा. थोडा गूळ पाण्यात उकळून पूर्ण गार करा. गरम पाण्यात जिवाणू मरतात. त्यातलं चमचाभर बियांवर शिंपडून वर पाकिटातली काळी भुकटी घाला आणि हलक्या हाताने घोळवा, साल सुटता कामा नये. प्रत्येक दाणा काळपट दिसला की सावलीत वर्तमानपत्रावर सुकवा, त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं तर ते आधी, रायझोबियम शेवटी.

युरिया मात्र नकोच! आयतं नत्र मिळालं की मुळं गाठी धरत नाहीत.

फुलं यायच्या सुमारास एक रोप मातीसकट काढा, मुळं अलगद धुवा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं की काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर आधी कुंडीची भोकं तपासा. जुलैच्या पावसात पाणी साचलं की गाठींना हवा मिळत नाही.